अंकोरला नेताय, तर मुलांना पाणी दाखवा

माननीय संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि शालेय सहल समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकच्या एका शाळेत गेली 22 वर्षं इतिहास आणि भूगोल शिकवते. नववीच्या मुलांना घेऊन दोनदा कंबोडियाला, अंकोर या जुन्या राजधानीच्या परिसरात, जाऊन आले. पहिली सहल फसली, दुसरी साधली. दोन्ही वेळा देश तोच, शहर तेच, मुलंही साधारण तशीच. बदललं होतं ते फक्त वेळापत्रक. येत्या दिवाळीच्या सुट्टीसाठी आपण परदेशी शैक्षणिक सहली ठरवत असाल, म्हणून हे पत्र.

या सहलींची पत्रकं पालक मला आणून दाखवतात. बहुतेकांवर दोन शब्द ठळक छापलेले असतात: ‘प्राचीन संस्कृती’ आणि ‘शाश्वत विकास’. शब्द चांगलेच आहेत. पण पत्रक उलटून आतला कार्यक्रम वाचला की दिवसाला तीन-तीन देवळं, मध्ये खरेदी, संध्याकाळी नृत्य आणि जेवण, आणि शाश्वत विकासाच्या नावाने शेवटच्या दिवशी एक रोप लावून फोटो. माझी विनंती साधी आहे. देवळं कमी करा आणि मुलांना अंकोरचं पाणी दाखवा. डोंगरावर पाऊस पडतो तिथपासून ते पाणी सरोवराला मिळतं तिथपर्यंत, सलग.

आधी फसलेल्या सहलीबद्दल सांगते, कारण तिची जबाबदारी माझ्यावरही आहे. 34 मुलं, आम्ही 4 शिक्षक, 4 दिवसांत 11 देवळं. पहाटे साडेचारला मुलांना उठवून अंकोर वाटच्या तळ्याकाठी सूर्योदयाला नेलं. तिथे एवढी गर्दी होती की मागच्या रांगेतल्या मुलांना पुढच्यांचे फोनच दिसले. मग बायॉन, मग ता प्रोह्म, मग आणखी एक, आणखी एक. पश्चिम बाराय हा प्रचंड तलाव कार्यक्रमात लिहिलेला होता. त्याच्या वेळेत बस एका खरेदीच्या दालनासमोर दीड तास उभी राहिली, आणि तलाव राहून गेला. परत आल्यावर मुलांकडून प्रवासवर्णन लिहून घेतलं. अभ्यासात खरोखर हुशार असलेल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘सहावं आणि सातवं देऊळ वेगवेगळी होती की एकच, ते मला आठवत नाही.’ ते वाक्य मी लाल शाईने खोडलं नाही. ते तिचं चुकलेलं नव्हतं.

त्या 4 दिवसांत प्रत्येकाने रोज निदान 4 प्लास्टिकच्या बाटल्या संपवल्या. 38 माणसं, 4 दिवस, 608 बाटल्या. हा हिशेब शेवटच्या रात्री एका मुलाने केला आणि मला विचारलं, ‘मॅडम, पत्रकात शाश्वत लिहिलंय ना?’ त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता पाण्याकडे येते. अंकोर हे नाव संस्कृतातल्या ‘नगर’ या शब्दावरून आलं. नवव्या ते पंधराव्या शतकापर्यंत ख्मेर राजांच्या राजधान्या या परिसरात नांदल्या. आपण ज्यांना देवळं म्हणून बघतो ती त्या नगराची दगडी टोकं फक्त. घरं, राजवाडे, बाजार लाकडाचे आणि गवताचे होते, ते गेले. उरलं ते दगडाचं आणि मातीचं. मातीचं म्हणजे बांध, कालवे, तलाव. विमानातून आणि उपग्रहातून घेतलेल्या प्रतिमांवरून 2007 साली या वसाहतीचा नकाशा प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे 1,000 चौरस किलोमीटरवर कालव्यांचं आणि बांधांचं जाळं दिसलं. 2012 मध्ये विमानातून लेसर सोडून जंगलाखालची जमीन मोजली, तेव्हा झाडांच्या आड लपलेले रस्ते आणि तळी आणखी स्पष्ट झाली. एवढं सगळं कशासाठी? तर तिथेही आपल्यासारखंच आहे. पावसाळा आला की सहा महिने पाणीच पाणी, आणि नंतर सहा महिने आकाशाकडे बघायचं. पाऊसही तोच, नैर्ऋत्य मोसमी. म्हणून महाराष्ट्रातल्या मुलांना अंकोर जितकं आतून कळू शकतं तितकं बारमाही पावसाच्या देशातल्या मुलांना कळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या सहलीला आम्ही 18 मुलं नेली आणि 6 दिवस राहिलो. पण सहल सुरू झाली ती आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात. जाण्याच्या दीड महिना आधी अख्ख्या वर्गाला, म्हणजे न जाणाऱ्या मुलांनाही, मोसम नदीकाठी फड बघायला नेलं. फड पद्धत आपल्या नाशिक-धुळ्याची. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली शेतीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कोणाला कधी हे गावाने नेमलेल्या पाटकऱ्याने ठरवायचं. मुलांनी पाटकऱ्याला प्रश्न विचारले. ‘पाणी कमी पडलं तर कोणाचं आधी तोडता?’ या प्रश्नावर तो बराच वेळ बोलला. मुलांच्या वहीत तोच प्रश्न पहिल्या पानावर गेला, आणि तीच वही घेऊन आम्ही विमानात बसलो.

तिथे पहिला दिवस कुलेनच्या डोंगरावर. अंकोरला लागून असलेल्या सिएम रीप शहरापासून हा डोंगर गाडीने दीडएक तास. जुनं नाव महेंद्रपर्वत. इ.स. 802 मध्ये दुसऱ्या जयवर्मनने इथेच स्वतःला चक्रवर्ती म्हणून अभिषेक करवून घेतला, असं शिलालेख सांगतात. पण आम्ही गेलो ते नदीच्या पात्रासाठी. पात्राच्या तळाशी, खडकातच, ओळीने शेकडो लहान लहान शिवलिंगं कोरलेली आहेत. पाणी त्यांच्यावरून वाहतं आणि मग खाली राजधानीकडे, शेतांकडे जातं. एक मुलगी गुडघाभर पाण्यात हात घालून बोटांनी लिंगं मोजत होती. चाळीसपर्यंत मोजली आणि म्हणाली, ‘म्हणजे खालच्या माणसाला मिळणारं सगळं पाणी तीर्थ झालं.’ हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. त्याच डोंगरावर आता काजूच्या बागा वाढल्यात आणि जंगल मागे सरतंय, हेही तिथेच दिसलं. काजू म्हटल्यावर आमच्या वर्गातली कोकणातली मुलं कान टवकारून बघायला लागली, कारण त्यांच्या आजोळीही डोंगर याच कारणाने उघडे झालेत.

कोकणावरून आठवलं. अंकोरच्या देवळांना कोरीव काम वालुकाश्मात आहे आणि तो दगड कुलेनच्या पायथ्याच्या खाणींतून आणलेला. त्यातला बराचसा कालव्यांतून पाण्यानेच वाहून आणला असावा, असं अभ्यासकांनी खाणींच्या जागा आणि जुने कालवे जुळवून दाखवलंय. पण देवळांचा गाभा, जोती, बाहेरच्या भिंती, खंदकाच्या पायऱ्या यांना दुसरा दगड आहे. तांबडा, भोकाभोकाचा. राजापूरकडच्या एका मुलाने त्यावर तळवा ठेवला आणि ओरडला, ‘मॅडम, हा तर आमचा चिरा!’ तो जांभाच होता. खणताना मऊ, वाऱ्याला लागला की टणक, त्यामुळे कोकणात घरं त्याचीच आणि अंकोरात खंदकाच्या पायऱ्याही त्याच्याच. या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव फ्रान्सिस ब्युकॅननने केरळातल्या अंगाडिपुरमला बघितलेल्या दगडावरून दिलं आणि ते 1807 साली छापून आलं, हे मी तिथेच सांगितलं. त्या मुलाने उरलेले सगळे दिवस भिंती हाताने तपासत काढले. त्याच्याकरता अंकोर परदेश राहिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता पश्चिम बाराय. पहिल्या खेपेला राहून गेलेला. अकराव्या शतकात बांधलेला हा तलाव साधारण 8 किलोमीटर लांब आणि 2 किलोमीटर रुंद आहे. खड्डा खणलेला नाही. सपाट जमिनीवर चारी बाजूंनी मातीचे बांध घातले आणि मध्ये पाणी अडवलं. त्यामुळे पाण्याची पातळी भोवतालच्या जमिनीपेक्षा वर राहते आणि नुसत्या उताराने शेतात सोडता येते. मुलांना बांधावर बसवलं आणि वह्या काढायला सांगितल्या. 8 गुणिले 2 म्हणजे 16 चौरस किलोमीटर. सरासरी खोली 3 मीटर धरा. म्हणजे 4 कोटी 80 लाख घनमीटर. एक टीएमसी म्हणजे 2 कोटी 83 लाख घनमीटर. भागाकार केला तर 1.7 टीएमसी. वर्तमानपत्रात रोज टीएमसी वाचणाऱ्या घरातली ही मुलं. एकाने लगेच सांगितलं, ‘आपलं गंगापूर धरण साडेपाच टीएमसी. म्हणजे त्याच्या तिसरा हिस्सा!’ मग सगळे गप्प झाले आणि पाण्याकडे बघत राहिले. डंपर नाही, जेसीबी नाही, हजार वर्षांपूर्वी टोपल्यांनी वाहिलेली माती, आणि आजही पाणी आहे. गेल्या शतकात दरवाजे बसवून दुरुस्ती झाली आणि हा तलाव अजूनही दक्षिणेकडच्या भातशेतीला उन्हाळी पाणी देतो. सुट्टीच्या दिवशी सिएम रीपची माणसं त्याच्या काठी झोळ्या टांगून, मासे भाजून दुपार घालवतात. बांधावर भाजलेल्या माशाचा वास येत होता, तोही मुलांच्या वह्यांत आला.

तलाव नेमका कशासाठी होता, यावर विद्वानांचं एकमत नाही. बर्नार्ड-फिलिप ग्रोस्लिए या फ्रेंच संशोधकाने अंकोरला पाण्यावर उभं असलेलं शहर म्हटलं आणि बाराय, म्हणजे हे मोठे तलाव, सिंचनासाठी होते असं मांडलं. दुसऱ्या काहींच्या मते ते मुख्यतः धार्मिक होते, मेरू पर्वताभोवतीच्या समुद्राची प्रतिमा. हा वाद मी मुलांपुढे तसाच ठेवला. बांधावर अर्धा तास दोन गट भांडले. परीक्षेत एकच बरोबर उत्तर असतं असं मानणाऱ्या मुलांनी, विद्वानसुद्धा अजून भांडतात हे ऐकून जो सुटकेचा श्वास सोडला, तो आपण ऐकायला हवा होता.

तिथून थोड्या अंतरावर पूर्व बाराय आहे, म्हणजे होता. नवव्या शतकाच्या शेवटी यशोवर्मनाने बांधलेला. आज पूर्ण कोरडा, आत भाताची शेतं आणि वस्ती. मध्ये एक देऊळ आहे, पूर्व मेबोन, पूर्वी बेट होतं. त्याच्या चारी बाजूंना नावेतून उतरायचे दगडी धक्के आजही आहेत. आम्ही त्या धक्क्यावर उभे राहिलो आणि समोर म्हशी चरत होत्या.

आणि मग स्पियान थ्मा. हे नाव आपल्या पत्रकात नसेल, कारण तिथे बस थांबतच नाही. अंकोर थॉम या तटबंदीच्या जुन्या नगराच्या विजयद्वारातून ता केओ देवळाकडे जाताना वाटेत रस्त्याच्या कडेला हा जुना दगडी पूल लागतो, पाच मिनिटांची जागा. नाव म्हणजेच दगडी पूल. देवळांच्या जुन्या दगडांनी बांधलेल्या अरुंद कमानी, वर झाडं वाढलेली. आणि नदी? नदी पुलाखाली नाही. नदीने पुलाच्या शेजारून वेगळी वाट खणली आणि पात्र कित्येक मीटर खाली गेलं. पूल कोरडा उभा आहे आणि खाली, बाजूला, पाणी वाहतंय. अंकोरचं काय झालं हे सांगायला याहून चांगला फळा मला माहीत नाही. कालवा म्हणून वळवलेलं पाणी पुढे कधीतरी आवरेना, मग त्याने पात्र कापायला सुरुवात केली, आणि पात्र खाली गेल्यावर वरच्या कालव्यांच्या तोंडाशी पाणी पोचेना.

हे कसं झालं असेल यावर व्हिएतनामच्या डोंगरांतल्या जुन्या झाडांनी प्रकाश टाकला. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या झाडांच्या वाढीच्या कड्या मोजून दाखवलं की चौदाव्या शतकाच्या मध्यात आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला या भागात वर्षानुवर्षं टिकलेले दुष्काळ पडले, आणि मधेमधे प्रचंड पावसाळे आले. दुष्काळासाठी कालवे जुळवून घ्यावेत तोवर महापूर यायचा. एवढंच कारण नव्हतं, युद्धं होती, व्यापार समुद्राकडे सरकला होता, आणि राजधानी एका रात्रीत ओस पडली असंही नाही. अंकोर वाटमधले भिक्खू तर कधीच पूर्ण निघून गेले नाहीत. पण पाण्याने साथ सोडली हे खरं. इथे मी मुलांना आपला दुर्गादेवीचा दुष्काळ सांगितला. 1396 च्या सुमाराला सुरू झाला आणि बारा वर्षं पुरला असं आपल्याकडे सांगतात. मुलांनी दोन्ही कालरेषा एकाखाली एक काढल्या आणि आपोआप बोटं त्याच दशकांवर टेकली. आपल्या पाठ्यपुस्तकात तो दुष्काळ एका ओळीत संपतो. मुलांना तो कळला तीन हजार किलोमीटर लांब, एका कोरड्या पुलावर.

तिसऱ्या दिवशी अंकोर वाट, आणि दिवसभर फक्त अंकोर वाट. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनाने विष्णूसाठी बांधलेलं, पुढे बौद्ध झालेलं, पश्चिमेकडे तोंड केलेलं. समुद्रमंथनाचा पट सुमारे 49 मीटर लांब आहे. मुलांनी त्याच्यासमोर तासभर बसून वासुकीला ओढणारे हात मोजायचा प्रयत्न केला. पण त्याआधी आम्ही खंदकाच्या काठाने चाललो. खंदक 190 मीटर रुंद आहे. मुलांना वाटत होतं शत्रूसाठी. गाइडने सांगितलं की एवढं दगडाचं ओझं वाळूच्या थरावर टेकलेलं आहे, आणि वाळू ओली असते तोवर ती भार झेलते. भूजल खूप खाली गेलं तर वाळू कोरडी पडते आणि पाया हलू शकतो. म्हणून खंदकात आणि आजूबाजूच्या तळ्यांत पाणी राहणं ही देवळाची गरज आहे. आणि भूजल कोण उपसतं? सिएम रीपमधली हॉटेलं आणि वाढलेली वस्ती. 2018 साली सुमारे 26 लाख परदेशी पर्यटक अंकोरचं तिकीट काढून आले. त्यांच्या अंघोळी, त्यांचे पोहण्याचे तलाव, त्यांचं धुणं.

त्या रात्री हॉटेलात कोणालाही काही न सांगता मुलांनी अंघोळीला बादली वापरली. आपल्याकडे नळाला आठवड्यातून दोन दिवस पाणी येण्याचे दिवस बघितलेली मुलं आहेत ती, त्यांना बादली कशी पुरवायची हे शिकवावं लागत नाही. शाश्वत विकास हा शब्द त्या दिवशी कोणीही उच्चारला नाही.

इथे एक चांगली गोष्टही सांगायला हवी. अप्सरा ही कंबोडियाची अंकोर सांभाळणारी सरकारी संस्था, 1995 सालची. 2009 आणि 2011 मध्ये सिएम रीपमध्ये मोठे पूर आले. त्यानंतर या संस्थेने जुने खंदक, जुने कालवे, जुने बांध साफ करून पुन्हा जोडले. उत्तरेकडचा जयतटाक तलाव तर त्याआधीच, 2008 मध्ये, पुन्हा पाण्याने भरला गेला होता. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीची यंत्रणा आज पुराचं पाणी जिरवायला वापरात आहे. आपल्या गावोगावच्या बारवा आणि तळी गाळाने भरून गेलीत आणि त्यांच्यावर कोणी कचरा टाकतं, कोणी गाळे बांधतं. मुलांनी ही तुलना स्वतः केली.

शेवटचा टप्पा टोनले साप सरोवर. इथे वेळेचा प्रश्न येतो आणि त्यासाठी मी आपल्याला हात जोडून विनंती करते. मे महिन्यात नेऊ नका. तेव्हा तिथे अंग भाजणारं ऊन असतं आणि पाणी तळाला गेलेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत न्या. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की तिचं पाणी उलटं सरोवरात शिरतं. टोनले साप नदी वर्षातले काही महिने उलटी वाहते. उन्हाळ्यात अडीच-तीन हजार चौरस किलोमीटर असलेलं सरोवर पंधरा हजारांच्या आसपास पसरतं, जंगलं पाण्याखाली जातात, त्या बुडालेल्या जंगलांत मासे वाढतात आणि देशाचं जेवण त्यावर चालतं. पाणी परत फिरायला लागतं ते साधारण आपल्या कार्तिकात. तिथे त्या महिन्याला ‘कदेक’ म्हणतात, मूळ शब्द कार्तिकच. कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला, तिथे पाण्याचा उत्सव असतो, होड्यांच्या शर्यती होतात, दिवे सोडले जातात. आमच्या मुलांनी गोदाघाटावर त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लहानपणापासून बघितलेत. कांपाँग फ्लुकच्या उंच खांबांवरच्या घरांच्या ओळीत, नावेत बसून, त्यांना हे ऐकायला मिळालं. 2019 आणि 2020 मध्ये मेकाँगचं पाणी कमी पडलं आणि नदीचं उलटं फिरणं लांबलं, मासे घटले, हेही नाववाल्याने सांगितलं. वरच्या देशांतली धरणं आणि बदललेला पाऊस, दोन्हींकडे त्याने बोट दाखवलं. मुलांनी त्यालाही तोच मोसमच्या काठचा प्रश्न विचारला: पाणी कमी पडलं तर कोणाचं आधी तुटतं? तो म्हणाला, ‘सगळ्यात खाली राहणाऱ्याचं.’ बागलाणचा पाटकरीही जवळपास हेच म्हणाला होता.

आमचा गाइड पन्नाशीचा होता. बसमध्ये एका मुलाने विचारलं की एवढे बांध कोणी घातले, लोकांना पैसे मिळायचे का? तो थोडा वेळ गप्प बसला आणि त्याने स्वतःच्या आईबद्दल सांगितलं. 1975 ते 1979 या काळात ख्मेर रूजच्या राजवटीने शहरं रिकामी करून माणसांना कालवे आणि तलाव खणायला जुंपलं होतं. अंकोर बांधणारे आपले पूर्वज होते, आपण काहीही करू शकतो, असं त्यांना सांगितलं जायचं. त्याची आई त्रपेआंग थ्मा तलावावर माती वाहत होती. त्या तलावावर उपासमारीने आणि मारहाणीने असंख्य माणसं मेली. त्याचे वडील शिक्षक होते, आणि शिकलेली माणसं त्या राजवटीला नको होती, म्हणून त्यांना आधीच नेलं होतं. माझ्यासमोर 18 मुलं बसली होती आणि त्यांची शिक्षिका मी. आज त्या तलावावर सारस पक्ष्यांचं अभयारण्य आहे. आपल्या गोंदियात मोजके उरलेत तेच सारस. मुलांना प्राचीन पाणी-व्यवस्थेचं कौतुक शिकवायचं असेल तर हेही सांगावं लागेल की माती कोणाच्या डोक्यावरून गेली. हे नववीच्या मुलांना झेपतं. आपण समजतो त्याहून जास्त झेपतं.

एक गोष्ट मात्र कार्यक्रमातून काढूनच टाका. पहिल्या सहलीत एका बालगृहाची भेट होती. आमच्या मुलांनी चॉकलेटं वाटली, तिथल्या मुलांनी नाच करून दाखवला, सगळ्यांनी फोटो काढले. बसमध्ये आमच्याच एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, आपल्या वर्गात असं कोणी आपल्याला बघायला आलं तर?’ कंबोडियातल्या अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पर्यटकांच्या देणग्यांमुळे मुलं घराबाहेर ठेवली जातात, हे युनिसेफसारख्या संस्था कितीतरी वर्षं सांगत आल्या आहेत. मला ते आधी ठाऊक असायला हवं होतं. दुसऱ्या वेळी त्या संध्याकाळी आम्ही फारे सर्कस बघितली. निर्वासित छावणीतून परतलेल्या तरुणांनी 1994 साली बट्टम्बंगला काढलेल्या कलाशाळेतून शिकलेले कलाकार तिथे काम करतात, त्यांना त्याचा पगार मिळतो, आणि आपण तिकीट काढून प्रेक्षक म्हणून बसतो. टाळ्या वाजवताना कोणाला ओशाळं वाटलं नाही.

आणखी एक गोष्ट अभिमानाची आहे आणि तिच्याबद्दल जपून बोलायला हवं. अंकोर वाटचं जतन 1986 ते 1993 या काळात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलं, देश अजून सावरला नव्हता तेव्हा. ता प्रोह्मचं कामही आपल्याच माणसांनी कंबोडियाबरोबर केलं. गाइड हे सांगतो तेव्हा मुलांची छाती फुगते, फुगू द्यावी. पण त्या पहिल्या कामात दगड रसायनांनी धुण्यावर टीका झाली, हेही सांगावं. आणि ‘हे सगळं आपलंच’ असं मुलांना म्हणू देऊ नये. विष्णू, वासुकी, कार्तिक हे शब्द तिकडे गेले, पण बाराय, जांभ्यावर वालुकाश्म चढवण्याची रीत, बायॉनच्या भिंतीवर कोरलेला मासळीबाजार हे ख्मेर लोकांचं आहे. बायॉनची ती भिंत जरूर दाखवा. कोंबड्यांची झुंज, भात शिजवणाऱ्या बायका, नावेखाली मासे. तासभर पुरते.

खर्चाचं बोलते, कारण समितीत शेवटी तिथेच गाडी अडते. अंकोरचा एका दिवसाचा पास 37 डॉलर, तीन दिवसांचा 62, आणि तो दहा दिवसांत कुठल्याही तीन दिवशी वापरता येतो. म्हणजे निवांत बघणं महाग नाही. बघायच्या जागा कमी केल्या की बसचं भाडंही घटतं. बाटल्यांऐवजी प्रत्येकाकडे एक स्टीलची बाटली दिली, हॉटेलने मोठे जार ठेवले, शहरात पाणी भरून देणाऱ्या जागा आहेत, तिथे भरलं. 18 मुलं, 3 मोठी माणसं, 6 दिवस, आणि आम्ही विकत घेतलेल्या बाटल्या विमानतळावरच्या 11. आम्ही विमानाने मुंबईहून बँकॉकमार्गे गेलो. त्या धुराचं उत्तर माझ्याकडे नाही, पण एवढा धूर काढून गेलो तर चार दिवसांत परत येऊ नये, एवढं मला ठामपणे वाटतं.

वर्गातल्या उरलेल्या 25 मुलांचं काय, हा प्रश्न आपण मला विचारणार, आणि विचारलाच पाहिजे. परदेशी सहल परवडणाऱ्यांचीच होते. आमच्या शाळेत दोन मुलांचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलला, तो पुरेसा नव्हता. पण बागलाणची फेरी सगळ्यांची होती, वही सगळ्यांची होती. न गेलेल्या मुलांनी शहरातल्या जुन्या विहिरींचा शोध घेतला आणि परत आल्यावर दोन्ही गटांनी एकमेकांना शिकवलं. न गेलेल्यांची वही जास्त भरली होती, हे खरं सांगते. आपल्या समितीत निधी असेल तर दर सहा जागांपैकी एक तरी जागा त्यातून भरा. आणि सहलीवर न जाणाऱ्या मुलाला वर्गात तेवढंच काम द्या.

पर्यटन कंपन्यांना आपण विचारलंत तर ते ‘नक्की करू’ म्हणतील. माझा अनुभव असा की पत्रकात नुसतं नाव असून भागत नाही, वेळ लिहून घ्यावी लागते. म्हणून आपल्याकडे येत्या दिवाळीचं वेळापत्रक मंजुरीला येईल तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात ‘पश्चिम बाराय, सकाळी 6 ते 10’ एवढं लिहून सही करा, आणि त्याच रकान्यात स्पियान थ्मासाठी अर्धा तास. बागलाणात फड बघायचा असेल तर मी सोबत येईन. नववीच्या वह्यांच्या प्रतीही माझ्याकडे आहेत, हव्या असतील तर शाळेच्या पत्त्यावर पाठवते.

आपली नम्र,
इतिहास-भूगोलाची एक शिक्षिका,
नाशिक